तारेनं बांधलेलं दार

बायको गेली त्यानंतर वर्षभर मी देवाचं नाव घेतलं नाही. खोटं कशाला लिहू? मी चौथी शिकलेला माणूस, गोड लिहायला मला जमत नाही. राग देवावर आहे असं सगळ्यांना सांगायचो. खरा राग टॅक्सीच्या एका दारावर होता, आणि त्या दाराआडून स्वतःवर.

लालबागच्या एका मिलमध्ये मी मागावर होतो. संप झाला, आमची मिल परत उघडलीच नाही, तेव्हा गाडी शिकलो आणि एक जुनी काळी-पिवळी घेतली. तिचं पुढचं डावं दार तेव्हाच लोंबत होतं. बिजागरीची पिन झिजलेली, भोक मोठं झालेलं. दार उचलून धरलं तरच लागायचं. गॅरेजवाला म्हणाला, नवा बुश घाल, पिनेभोवती बसते ती पितळी नळी. मी कसला ऐकतोय! मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचा मार झेलायला चामडं असतं, त्याचे तुकडे माझ्या घरात पडलेले. खडखडलं की चामडं भरायचं, ही आम्हा मागवाल्यांची खोड. पिनेच्या भोकात ठोकून भरलं, दार सरळ झालं. मी तोऱ्यात बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, "चामडं पाणी पितं हो." कोळ्याची पोर ती. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. मी हसण्यावारी नेलं.

तिच्या छातीत कळ आली तेव्हा तिला त्याच दाराच्या सीटवर बसवलं आणि घाईत दार आपटलं. कुजलेलं चामडं तेव्हाच सरकलं असणार. दार खाली बसून लॉकमध्ये अडकलं. हॉस्पिटलच्या फाटकात ते काही केल्या उघडेना. शेवटी स्टेअरिंगखालून ओढत तिला माझ्या बाजूनं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, त्या दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. माझा विश्वास बसला नाही. पहारीनं दार सोडवलं, परत लावलं आणि आतून तारेनं बांधून टाकलं. त्या सीटवर मग कुणालाच बसू दिलं नाही.

वर्षश्राद्धाला सासूला कफ परेडच्या मच्छीमार नगरातून बाणगंगेला न्यायचं होतं. म्हातारी काठी टेकत गाडीपाशी आली. कोळीण ती, जावयाला अहो-जाहो करायची नाही.

"आय, मागं बस," मी म्हटलं.

"गुडघा मोडत नाय माझा. पुढं बसव."

"ते दार बंद आहे. दुसरी टॅक्सी आणतो."

"माझी पोर काय दुसऱ्या टॅक्सीत बसायची? उघड मुकाट्यानं. भटजी तिथं ताटकळलाय."

तार सोडली तसं दार माझ्या हातात लोंबकळलं. आता ते लागेनाही. पिन काढावी म्हणून हातोडी घेतली आणि हाणत सुटलो. पिन जागची हलली नाही, माझी बोटं तेवढी सोलली. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका बघत होत्या. त्या उन्हात मी खाली बसलो आणि तोंडातून निघून गेलं, "आई एकवीरे, माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ आता."

होड्यांकडून एक माणूस आला. खांद्याला पिशवी, ओठात विडी. "पिनचं डोकं वर आहे," तो म्हणाला. "वरून हाणून ती खाली जाईल कशी? आधी रॉकेल पाज तिला, मग खालून मार. आणि दाराला टेकू दे, नाहीतर पाय मोडून घेशील." त्यानंच मासळीची पेटी दाराखाली सरकवली. थोड्या वेळानं पिन निघाली, आणि काळं, चिकट चामडं माझ्या तळहातावर पडलं.

"हे काय रे?" सासूनं विचारलं. मी सगळं सांगितलं. चामडं, आपटलेलं दार, स्टेअरिंगखालून ओढलेली तिची लेक. वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारी काठीवर भार देऊन माझ्याजवळ वाकली. मग म्हणाली, "तिचा बाप दर्यात गेला, त्या सकाळी मी त्याच्याशी भांडले होते. भांडले नसते तर परतला असता, असं मीपण धरून बसले. मूर्ख कुठली! चामडं भरलंस ती चूक तुझी. तिचं मरण तुझं नाय. ते एकवीरा आईच्या पायाशी ठेव, मी ठेवलंय." आणि पदरानं माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं.

त्या माणसानं पिशवीतून पितळी बुश काढले, कानशीनं घासून बसवले, नव्या पिना घातल्या, ग्रीस लावलं. माप कसं जुळलं, कोण जाणे. काय देऊ विचारलं, तर म्हणाला, चहा पाज. चहा प्याला आणि शिवडीकडे निघालेल्या होडीत बसून गेला. नंतर चौकशी केली, तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता. देव होता असं मी म्हणत नाही. देव विडी ओढत असेल का? पण मी हात टेकले आणि तो आला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचे आणि त्याला धाडणारीचे उपकार मी विसरणार नाही.

चूक कुठली आणि मरण कुठलं, हे वेगळं करायला मला वर्ष लागलं. चूक माझ्यापाशी राहू दे, ती मी वागवीन. दुसरं माझं नव्हतंच, ते उगाच धरून बसलो होतो. हल्ली त्या सीटवर कुणीही बसतं. परवा एका बाईनं दार आपटलं, तेव्हा मी म्हटलं, "हळू लावा ताई, हळू लावलं तरी लागतं."