बोला, कोण गेलं?

फोन उचलला की मावशी ‘हॅलो’ म्हणत नसे. थेट विचारायची, “बोला, कोण गेलं?” एकदा केबलवाल्याचा फोन होता. तो बिचारा गडबडला, म्हणाला, “कोणीच नाही जी.” “मग फोन काहून अडवून राहिला गा?” असं म्हणून मावशीनं फोन आपटला.

आमचं चॅनल म्हणजे एका ट्रस्टचं, जाहिरात न घेणारं, दोन खोल्यांतलं प्रकरण. सकाळी बुद्धवंदना, भजन, कुराणपठण, गुरबाणी, चर्चची प्रार्थना, सगळं आळीपाळीनं चालायचं. पण लोक खरे टीव्हीसमोर बसायचे ते संध्याकाळच्या ‘निरोप’ला. कोण वारलं, कुठून नेणार, किती वाजता, एवढंच त्यात असायचं, आणि तेही फुकट. फोनवर नावं घ्यायची मावशी आणि कॅमेऱ्यासमोर बसून वाचायचीही मावशीच. कॅमेऱ्यामागे मी.

तिचा नियम एकच. ज्याचा फोन आधी, त्याचं नाव आधी. अंत्ययात्रा असो, जनाजा असो, सगळे एकाच रांगेत. धर्माप्रमाणे वेगळं वाचू, असं ट्रस्टमधलं कुणी सुचवलं की ती उसळायची. “माझ्या बापानं छप्पनले दीक्षा घेतली, ते काय पुन्हा अलग बसाले? जमणार नाही!” मग तासभर कुणाची तिच्यासमोर जायची हिंमत नसे.

एकदा काटोलचे एक आजोबा संत्र्यांची पिशवी घेऊन ऑफिसात आले. मामेबहिणीचं नाव ऐकायला ते टीव्हीसमोर बसले होते, आणि तिच्या पाठोपाठ कामठीच्या एका विणकराचं नाव आलं. तो विणकर आणि आजोबा शाळेत एका बाकावर बसलेले. “जनाज्याले पोचलो, बाई. माती देता आली,” आजोबा म्हणाले. “आमची नावं अलग वाचली असती, तर मी पयलेच टीव्ही बंद केला असता.” संत्रं सोलता सोलता मावशीचे डोळे वाहत होते. तिनं अर्ध्या फोडी मला दिल्या.

पुढे लकडगंजच्या शेठजींचे वडील वारले. आमच्या दोन्ही खोल्या शेठजींच्याच, आणि भाडं ते घेत नसत. फोन त्यांनी स्वतः केला. मावशीनं स्पीकर लावला होता.

“मावशी, बाबूजींचं नाव सबसे पहले घ्या. बाकीच्यांसोबत नको, अलग घ्या.”

“शेठजी, लाईन आहे. तुमच्या आधी तिघं उभे आहेत.”

“खोल्या कोणाच्या आहेत, मालूम आहे ना?”

“खोल्या तुमच्या, जी. मेलेली माणसं तुमची नाहीत.”

ट्रस्टच्या अध्यक्षांनी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले. मावशीनं बाबूजींचं नाव चौथं वाचलं, तितक्याच आदरानं, वेळ दोनदा सांगून. महिना संपायच्या आत आम्ही सामानासकट रस्त्यावर आलो.

“रडून काय राहिला गा? उचल कॅमेरा!” मावशी मला म्हणाली. तिच्या घराच्या पुढच्या खोलीतून ‘निरोप’ सुरू झाला. एका संध्याकाळी नाव वाचताना आत कुकरची शिट्टी झाली. ती थांबली, शिट्टी संपू दिली आणि नाव पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एक संध्याकाळ आम्ही चुकवली नाही. कुणापुढे हातही पसरले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. दवाखान्यातून तिच्या लेकीचा फोन आला तेव्हा फोनपाशी मीच होतो. त्याआधी दोन नावं येऊन गेली होती. सगळे म्हणाले, आज नियम राहू दे, मावशीला आधी घे. मलाही तेच वाटत होतं. अहो, तिच्याआधी दुसऱ्याचं नाव घ्यायला जीभ कशी वळणार? तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

“बोला, कोण गेलं?” माझ्या तोंडून आपसूक निघालं.

पलीकडे शेठजी होते. आवाज भरून आलेला. “मी रोज पाहतो तुमचं. आज मावशीचं नाव सबसे पहले घ्या, भाऊ.”

मी नावांची यादी पुढ्यात ओढली.

“शेठजी,” मी म्हणालो, “लाईन आहे.”

त्या संध्याकाळी मावशीचं नाव मी तिसरं वाचलं. वेळ दोनदा सांगितली.