रोवणीची रांग
गोंदियाच्या चौकात कुणाच्या सायकलवर पऱ्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी दिसली की नखांत चिखल शिरल्यासारखं वाटतं. साडी नेसून पहिल्यांदा गावी गेले तेव्हा घराला कुलूप होतं. सगळे रोवणीला गेलेले. शेतात गडी बांधावरून जुड्या फेकत होते आणि बाया रांगेनं वाकून रोवत होत्या. मुलगा म्हणून वाढले, त्यामुळे मीही आजवर जुड्याच फेकल्या होत्या. "ये, जुड्या फेकाले," एक गडी हसत ओरडला. मी साडी खोचली, चिखलात उतरले आणि बायांकडे चालू लागले. सगळ्यांचे हात थांबले. दोन वर्षं माझ्याशी न बोललेली माय जराशी बाजूला सरकली. मी तिच्याशेजारी वाकून मूठभर परे एकाच जागी खुपसले. ते लगेच पाण्यावर तरंगले. मायनं ते उचलले आणि माझ्या हातात तीनच काड्या ठेवल्या. "एवढी मोठी झाली, अन् रोवता येत नाही!" ती करवादली. मग हळूच म्हणाली, "माहीच चूक आहे. पोरीले रोवणं मायच शिकवते." आता माझी ओळ तिच्यापेक्षा सरळ येते. तरी दर रोवणीला एखादं रोप तिरकं दिसलं की ती तशीच करवादते, आणि मी तिला मनसोक्त करवादू देते.