राहिलेली एक बंडी

निवृत्त होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि यज्ञेश्वर पांढरीपांडे पोहायला शिकायला निघाले. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि जन्मात कधी कमरेच्या वर पाण्यात न शिरलेला माणूस. यवतमाळच्या जलतरण तलावावर सकाळच्या तुकडीत सगळी शाळेतली पोरं. त्यांच्यात हे काळी चड्डी घालून, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून पाय आपटत. पोरं हसायची. यांना त्याचं काही वाटत नसे.

पोहणं जेमतेम अंगवळणी पडलं तर पेटी शिकायला लागले. मग मोटरसायकल. मग टिपेश्वरच्या जंगलात वाघ बघायला गेले, दिवसभर हिंडून मोर बघून आले. गणेशोत्सवातल्या नाटकात हवालदाराचं काम केलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं एकाच टपरीवर एकाच वेळी चहा घेतला, तो हातगाडीवर उभा राहून नूडल्स खाऊ लागला. ओळखीचे लोक म्हणायचे, "काकांना उशिरा पंख फुटले." आणि रजनीताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगायचे, "नशीब तुमचं. आमचे हे तर रिटायर झाल्यापासून खुर्चीतून उठत नाहीत."

रजनीताई हसून वेळ मारून नेत. पण त्यांना दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे यात आनंद कुठंच नव्हता. नवं काही करायला निघाले की यज्ञेश्वरांचा चेहरा सुटत आलेल्या बसमागे धावणाऱ्या माणसासारखा होई. दुसरं म्हणजे 'उद्या' हा शब्द. रजनीताई सहज म्हणाल्या, "आज राहू द्या, ऊन फार आहे, उद्या जा," की ते ताडकन उठून चपला घालत. हजार नव्या गोष्टी करणारा हा माणूस आनंदमेळ्यात मात्र पाय ठेवत नसे. जानेवारीत गावाबाहेरच्या मैदानावर आकाशपाळणा उभा राहिला की ते बाजारात लांबच्या रस्त्यानं जात.

एक तिसरी गोष्ट होती, ती रजनीताईंना माहीत नव्हती. तलावाच्या पलीकडच्या काठावर, पोरांचे कपडे ठेवलेले असत तिथं, एक म्हातारा गुडघे छातीशी घेऊन बसलेला यज्ञेश्वरांना दिसायचा. डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा पाहिलं की फक्त कपडे असायचे.

यज्ञेश्वर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायचा, धाग्याची लांबी बघायची, ओल बघायची आणि प्रत सांगायची. प्रत सांगितली की बंडी वजनकाट्यावर जायची. दोन हजार पाचच्या जानेवारीत, निवृत्तीला पाच महिने उरले असताना, कापसाची अशी रीघ लागली होती की बंड्या केंद्राच्या फाटकापासून डांबरी रस्त्यावर कोसभर लांब उभ्या असत. माणसं चार-चार दिवस बंडीतच राहत, बंडीतच झोपत. बैल सोडून चाकाला बांधायचे आणि त्यांच्याच कडब्यावर चुली पेटायच्या. थंडी हाडात शिरणारी होती.

त्यातल्या एका संध्याकाळी पाच वाजले तेव्हा फाटकाच्या आत एकच बंडी राहिली होती. नागोराव गावंडे, राहणार जांभुळदरा, आर्णीच्या पुढं. साठीचा माणूस, धोतर, तपकिरी स्वेटर, कोपरावर हिरव्या लोकरीचं ठिगळ. यज्ञेश्वर सकाळपासून उभे होते, पाठ धरली होती. त्यांनी काटेवाल्याला हात केला आणि काटा बंद झाला.

नागोराव जवळ आला. भांडला नाही.

"एवढीच राह्यली होती, साहेब. आटोपलं असतं तं मेळ्यात जाणार होतो. तो मोठा पाळणा लागला हाय म्हणते. उमर गेली, कधी बसून नाही पाह्यलं."

"उद्या बसा," यज्ञेश्वर रुमालानं हात पुसत म्हणाले. "मेळा कुठं पळून चालला?"

"बरं साहेब," म्हणून नागोराव बंडीकडे परतला.

सकाळी सातला यज्ञेश्वर आले तेव्हा बंडीभोवती माणसं गोळा झाली होती. फाटकाबाहेरच्या पहिल्या बंडीचा खेमसिंग, दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, तो सांगत होता, "चहा घेऊन हाक मारून राह्यलो तं उठेच ना." नागोराव कापसात खड्डा करून, घोंगडी पांघरून, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. मिशीला सरकीची लव लागली होती. अंग इतकं आखडलं होतं की त्याला आडवं करता येईना. शेवटी चौघांनी त्याला तसाच, बसलेलाच, उचलून जीपमध्ये ठेवला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कुणी कुणाला दोष दिला नाही. साहेब लोक म्हणाले, पाच म्हणजे पाच, तुमची काय चूक?

त्या दिवशीची पहिली बंडी तीच होती. यज्ञेश्वरांनी रीतीप्रमाणे कापसात हात घातला. त्यांचा हात नेमका त्या खड्ड्यात गेला, आणि कापूस आतून कोमट होता. माणूस तर रात्रीच कधीतरी गेला होता. तरी कोमट होता. त्यांनी धागा ओढला. लांब, स्वच्छ, पहिली प्रत. काटेवाल्याला त्यांनी नुसतं एक बोट दाखवलं.

यातलं एक अक्षर त्यांनी घरी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतरच्या मार्चमध्ये ते विमानात बसले. मुलगी अनघा ठाण्याला होती, तिनंच नागपूर-मुंबईची तिकिटं काढून दिली. खिडकीची जागा यज्ञेश्वरांना मिळाली. विमान ढगांच्या वर गेलं आणि रजनीताई म्हणाल्या, "अहो, बघा तरी, किती छान!"

त्यांनी पाहिलं. खाली कापसाच्या पांढऱ्याशुभ्र गंज्या लागल्या होत्या, नजर पोचेल तिथवर, एकीला लागून दुसरी. त्यांचे अंगठे आपोआप हलू लागले, धागा ओढल्यासारखे. आणि दूरच्या एका गंजीवर कुणीतरी गुडघे छातीशी घेऊन बसलं होतं. विमान पुढं जात होतं, पण ती गंजी मागं पडत नव्हती.

"थांबवा," यज्ञेश्वर म्हणाले. मग मोठ्यानं, "थांबवा हे! एक बंडी राहिली आहे!"

विमानातली मुलगी पाणी घेऊन धावत आली. आजूबाजूचे लोक माना वळवून पाहू लागले. रजनीताईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर दाबून धरले, ते थेट मुंबईत उतरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनघाच्या गॅलरीत मेथी निवडत असताना रजनीताईंनी विचारलं, "कसली बंडी?"

यज्ञेश्वरांनी सांगितलं. बंद केलेला काटा, घोंगडी, जीप, कोमट कापूस. एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगितलं. रजनीताईंनी "तुमची चूक नाही हो" असं म्हटलं नाही. त्या काड्या बाजूला सारत म्हणाल्या, "त्यांच्या घरी कोण कोण आहे?"

"मला काय माहीत?"

"नाव काय त्यांचं?"

"नागोराव गावंडे. जांभुळदरा."

"नाव-गाव तोंडपाठ आहे," रजनीताई म्हणाल्या, "आणि घरी कोण आहे ते विचारलंसुद्धा नाही."

जो माणूस उद्या हा शब्द कानावर येऊ देत नव्हता, तो त्यानंतर दीड वर्ष आज-उद्या करत राहिला. आज पेटीचा क्लास आहे, आज पाय दुखतो. त्या दीड वर्षात नागोराव घरात आला. जिन्याच्या वळणावर बसे, अंगणात नळापाशी बसे. बोलत काही नसे. शेवटी दोन हजार सातच्या दिवाळीनंतर रजनीताईंनीच पिशवी भरली, डबा घेतला आणि त्यांना एसटीत बसवलं. आर्णीला उतरून काळी-पिवळी जीप, तिथून पुढं पायवाट.

गावात कळलं की नागोरावची बायको रुखमाबाई शेतात आहे. मुलगा पुसदला कामाला होता, म्हातारीच शेत बघत होती. कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी वाढली होती, बोंडं फुटून शेत पांढरं झालं होतं. रुखमाबाई कमरेला ओटी बांधून वेचत होती. बारीक अंगाची, कपाळ मोकळं. शहरातली दोन माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"बाई, मी खरेदीवरचा ग्रेडर," यज्ञेश्वर म्हणाले. "त्या संध्याकाळी काटा मी बंद केला. एक बंडी राहिली होती. तुमच्या यजमानांची."

रुखमाबाईनं समोरचं झाड पूर्ण वेचलं. मग विचारलं, "काहून बंद केला?"

"पाच वाजले होते."

"किती वेळ लागला असता अजून?"

"दहा मिनिटं."

"थांबाले पाह्यजे होतं तुमी," ती म्हणाली.

"हो," यज्ञेश्वर म्हणाले.

जवळजवळ तीन वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"त्यायच्याशी शेवटचं कोन बोललं थे आमाले समजलंच नाही," रुखमाबाई जवळ येत म्हणाली. "खेमसिंग म्हणे मी लवकर झोपलो. तुमी बोलले का? काय म्हणत होते?"

यज्ञेश्वर सांगू लागले. त्यांना सगळं आठवत होतं, इतकी वर्षं दुसरं काही आठवतच नव्हतं. डोक्याला बांधलेला लाल गमछा, चपलेचा तुटलेला अंगठा तारेनं बांधलेला, कोपरावरचं हिरवं ठिगळ.

"थे मीच भरलं होतं. तपकिरी लोकर भेटलीच नाही."

"भांडले नाहीत ते. म्हणाले, आटोपलं असतं तर मेळ्यात जाऊन मोठ्या पाळण्यात बसलो असतो."

रुखमाबाईनं हातातलं बोंड ओटीत टाकलं. मग तिला एकदम हसू फुटलं. "पाळण्यात? अवं बाई," ती रजनीताईंना म्हणाली, "त्या मानसाले बंडीत उलटं तोंड करून बसलं तं मळमळ ये! पाळण्यात कायले बसते?" पदर तोंडाला लावून ती हसत होती, हसता हसता खाली बसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. रजनीताई तिच्या शेजारी ढेकळांतच बसल्या.

"मले नाही बोलले कधी," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "पस्तीस वर्षं संग राह्यलो. एका शब्दानं नाही बोलले का मले पाळण्यात बसाचं हाय." मग यज्ञेश्वरांकडे वळून, "अन् तुमी काय म्हटलं?"

हीच ती सोडलेली गोष्ट. ती त्यांनी रजनीताईंनाही सांगितली नव्हती.

"मी म्हटलं, उद्या बसा. मेळा कुठं पळून चालला?"

रुखमाबाई उठली, पाठ फिरवून पुन्हा तासाला, म्हणजे आपल्या ओळीला, लागली. बोंडांतून कापूस निघण्याचा तेवढा बारीक आवाज येत राहिला. यज्ञेश्वर उन्हात उभे होते. निघावं की थांबावं, कळेना. बऱ्याच वेळानं, मागं न बघता तिनं विचारलं, "उभे कायले राह्यले? वेचाचं असन तं ओटी बांधा."

रजनीताईंनी पिशवीतला पंचा काढून दिला. यज्ञेश्वरांनी तो कमरेला बांधला. आयुष्यात किती लाख मुठी कापूस त्यांच्या हाताखालून गेला असेल, पण झाडावरचं बोंड त्यांनी कधी तोडलं नव्हतं. एका झटक्यात चारही पाकळ्या निघाल्या पाहिजेत. त्यांच्या हातात दोनच यायच्या, दोन बोंडातच लोंबायच्या. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी नखाखाली शिरत. पाला चुरून कापसाला चिकटे. अर्ध्या तासात बोटांतून रक्त आलं. दुसऱ्या ओळीच्या मध्याशी पाठ सरळ करायला ते थांबले, तर धुऱ्यावरच्या पळसाखाली नागोराव बसला होता. दिवसाढवळ्या, इतका जवळ, की घोंगडीचा काठ दिसत होता. ते घाबरले, आणि घाबरलेल्या हातांनी वेचत राहिले.

ऊन कलल्यावर रुखमाबाईनं त्यांची ओटी उघडून पाहिली. मूठभर कापूस चिमटीत धरला, उन्हात फिरवला.

"पत्ती लय हाय. हा माल तुमीच नसता घेतला, साहेब."

पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. "या," असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर उजेडात बसून रजनीताई सुईनं त्यांच्या बोटांतली टोकं काढत होत्या.

"उद्या बसा म्हणालात," त्या म्हणाल्या. "हे मला सांगितलं नव्हतं."

"नाही."

रजनीताईंनी पुढचं बोट हातात घेतलं. "दुखतंय?"

"दुखतंय."

"मग हात हलवू नका."

त्यानंतर पेटी शेजारच्यांकडे गेली, मोटरसायकल विकली. पोहणं तेवढं राहिलं. नागोराव गेला नाही. कधी दोन-तीन महिने दिसायचा नाही, मग अचानक बँकेच्या बाकावर बसलेला असायचा. दर वर्षी वेचणी लागली की यज्ञेश्वर एसटीनं जांभुळदऱ्याला जात. रुखमाबाईनं कधी बोलावलं नाही, कधी परतही पाठवलं नाही. दोघं आपापल्या तासाला लागत, दिवसभरात चार वाक्यं बोलत.

चौथ्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी लावून ती बांधावर बसली होती आणि बसल्या जागेवरून त्यांच्या वेचण्यातल्या चुका काढत होती. दुपारी तिनं ऑपरेशनसाठी पुसदहून आलेल्या सुनेला हाक मारून चहा आणवला. दोन कप. चहात साखर मायंदाळ पडली होती. यज्ञेश्वरांना त्याच वर्षी डॉक्टरनं साखर बंद केली होती. त्यांनी बशीत ओतून, फुंकून, तो पूर्ण प्यायला.