परेरा टीचर आणि न उघडलेले गठ्ठे

मला दहावीला बसवलं ते परेरा टीचरांनी. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे सांगायचं आहे त्यात दोष त्यांचाच वाटेल, आणि तेवढंच वाचून कुणी पान मिटलं तर माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

टीचर वसईजवळच्या सांडोर गावच्या. घरी केळीची बाग आणि म्हातारी आई. लग्न केलेलं नव्हतं. वसईच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवत. बोर्डाचे पेपर तपासायला दर वर्षी त्यांचं नाव असे. मी तिथे हंगामी शिपाई. मूळची परभणीकडची, नववीतून काढून लग्न लावून दिलेली. नवरा वसई पूर्वेला एका गाळ्यात कामाला, म्हणून इकडे आलो. पहिल्याच मार्चमध्ये टीचरांनी मला हाक मारली. आदल्या दिवशी दहावीचा गणिताचा पेपर झाला होता. म्हणाल्या, "सुमन, घड्याळाकडे लक्ष ठेव. वेळ संपली की माझ्या हातातून पेपर काढून घे. मी विनवण्या केल्या तरी ऐकायचं नाही."

रिकाम्या वर्गात, बाकावर गुडघे आखडून, पन्नाशीला आलेली ती बाई पेपर सोडवायला बसली. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. वेळ संपली तेव्हा एक उदाहरण राहिलं होतं. मी भीत भीत कागद ओढला. टीचर हसल्या. "बघ, मलाही पुरला नाही वेळ. आता पोरांवर चिडायची सोय राहिली नाही." आधी आपण बसायचं, मग दुसऱ्याचं तपासायचं, असा त्यांचा नेमच होता.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "किती शिकलीस?"

"आठवी पास."

"मग पुढचं कोण करणार? तुझी सासू?"

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला, त्यांनीच भरून घेतला. नवऱ्याची परवानगी काढायला केळ्यांची फणी घेऊन नालासोपाऱ्याच्या आमच्या खोलीवर आल्या. "भाऊ, मागायला आलेय. हिचा रोजचा एक तास द्या." तो बापडा काय बोलणार. शाळा सुटली की स्टाफरूममध्ये आम्ही दोघी. मी प्रमेय घडाघडा पाठ म्हणून दाखवलं की त्या हाताने थांबवायच्या. "पानावर पाणी ओतून केळ जगत नाही गो बाय. मुळाशी घाल. असं का झालं ते सांग." मला का ते सांगता यायचं नाही आणि रडू यायचं. त्या रडू द्यायच्या, पण घरी सोडायच्या नाहीत.

माझी सगळी धडपड एका जागेसाठी होती. शाळेच्या प्रयोगशाळेतले परिचर जूनमध्ये निवृत्त होणार होते. जागा कायम, पण दहावी पास लागे. संस्थेच्या सचिवांनी मला सांगितलं होतं, "जूनअखेर मार्कशीट आण, जागा तुझी." हंगामी माणसाला दर मे महिन्यात घरी बसवत आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, याची खात्री नसे. मार्चमध्ये मी विरारच्या केंद्रावर पेपर दिले. बरे गेले होते.

आणि त्याच वर्षी विनाअनुदानित शिक्षकांच्या पगारासाठी शिक्षक संघटनेचा पेपर तपासणीवर बहिष्कार आला.

स्टाफरूममधलं भांडण मी चहा देता देता ऐकलं. चौधरी सर तरणे, धुळ्याकडचे. विनाअनुदानित तुकडीवर आठ वर्षं पगाराच्या नुसत्या आशेवर शिकवत होते. ते म्हणाले, "मोर्चे काढले, उपोषणाला बसलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. निकाल अडला की मंत्री बघतील."

"मंत्र्याचं पोर यंदा दहावीला आहे का, चौधरी?" टीचरांनी विचारलं. "अडणार कोण? ज्यांनी पेपर लिहिलेत ते. त्यांनी तुमचं काय घेतलंय?"

"मग आम्ही काय अडवायचं, टीचर? आमच्या हातात दुसरं आहे काय? खडू अडवू?"

कुणीतरी हसलं. टीचर हसल्या नाहीत. "हातात आहे तेच अडवायचं, हे पटतं मला. पण ते आपलं नाही. ठेवायला दिलेलं आहे."

चौधरी सर कप खाली ठेवत हळूच म्हणाले, "तुमचा पगार होतो, टीचर. म्हणून तुम्हाला आपलं आणि ठेवायला दिलेलं यातला फरक सुचतो."

हात वर करून मत घेतलं. बहिष्काराविरुद्ध एकच हात होता, टीचरांचा.

दुसऱ्या दिवशी, शाळा भरायच्या आधी, मी व्हरांडा झाडत होते तिथे त्या आल्या. म्हणाल्या, "सुमन, मी पेपर तपासणार नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पण तुम्ही तर विरुद्ध होतात."

"होते. आजही आहे. पण ज्याला पगार नाही त्याच्या संपात मी फितूर होऊ? भरल्या पोटी?" मग माझ्या हातातल्या झाडूकडे बघत म्हणाल्या, "यात तुझं नुकसान होईल. ते मी करतेय, दुसरं कुणी नाही. म्हणून तोंडावर सांगून करते. रागाव माझ्यावर. पण पुस्तकं परत करू नको."

मी पुस्तकं परत केली. त्याच दुपारी सगळी बांधून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि वळूनही पाहिलं नाही. रडणारीला घरी न सोडणाऱ्या बाईशी मी असं वागले.

बोर्डाचे गठ्ठे आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत पडून होते, कापडात शिवलेले, लाखेचं सील असलेले. ती खोली झाडायचं काम माझंच. माझे पेपर कुठल्या गावात पडले होते कुणास ठाऊक, पण तिथेही कुणीतरी बाई गठ्ठ्यांभोवतून असाच झाडू फिरवत असेल असं वाटायचं. एप्रिल गेला, मे गेला. सचिवांकडे टीचर तीनदा जाऊन आल्या. जागा थोडी थांबवा म्हणून हात जोडले. हे मला ऑफिसातल्या क्लार्ककडून फार पुढे कळलं. सचिव तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. जूनच्या शेवटी संस्थेतल्याच एकाचा भाचा त्या जागेवर आला.

बहिष्कार एका लेखी आश्वासनावर मिटला. गठ्ठे घाईघाईत तपासले गेले. निकाल उशिरा लागला आणि मी पास झाले. मार्कशीट हातात धरून मी बसस्टँडवर उभी होते आणि तो कागद कुणाला दाखवावा ते मला कळेना.

चौधरी सरांना त्या आश्वासनातून काहीच मिळालं नाही. दोन वर्षांनी शाळा सोडून ते विरारला विमा विकू लागले. भेटले तेव्हा मी विचारलं, "सर, तेव्हा केलं ते बरोबर होतं का?" बॅगेची चेन लावत ते म्हणाले, "चुकलं असं वाटत नाही. उपयोग झाला असंही नाही. तुझं तेवढं वाईट झालं."

निकालानंतर टीचर एकदा खोलीवर आल्या होत्या. बारावीचा फॉर्म आणला होता. मी दारातच उभी राहिले, आत या म्हणाले नाही. शेजारीण बघत होती. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला, "मुदत आहे अजून," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्या वर्षापासून त्यांनी बोर्डाचं काम घेतलं नाही. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "एकदा ठेवायला दिलेलं मी अडवलं. आता कशाच्या तोंडाने हात लावू?" मुख्य म्हणजे, ज्यांच्यासाठी अडवलं तेही तसेच राहिले, हे त्यांना खात असावं. शाळेत त्या तशाच शिकवत, पण वर्गात जोक करेनाशा झाल्या. मी समोरून गेले की विचारायच्या, "बरी आहेस ना?" मी "हो" म्हणायची आणि पुढे जायची.

निवृत्तीला काही महिने उरले होते तेव्हा त्या आजारी पडल्या. सांडोरला बघायला जायचं म्हणून मी दोन रविवार ठरवलं आणि दोन्ही रविवारी धीर झाला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांना चर्चमागे माती दिली. मी गर्दीत सगळ्यांत मागे उभी होते. त्यांची आई खुर्चीवर बसली होती. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तूच का ती? माझी फिलोमिना म्हणायची, सुमनचं मी वाईट केलं. खरंच केलं का गो?"

मला तोंडातून "नाही" काढता आलं नाही. एवढी माणसं जमली होती, समोर म्हातारी होती, एक शब्द बोलायचा होता. मी नुसती मान खाली घातली.

मी अजून हंगामीच आहे, आता दुसऱ्या शाळेत. बारावीला बसले नाही. कधीकधी वाटतं त्यांनी तेव्हा पेपर तपासायला हवे होते, कधी वाटतं त्या तपासत्या तर मला त्यांच्याविषयी आज जे वाटतं ते वाटलं नसतं. दोन्ही विचार एकाच दिवसात येतात. पण त्या म्हातारीला द्यायचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. कुणाला बरं वाटावं म्हणून नाही, ज्या दिवशी ते मला खरोखर तसं वाटेल त्या दिवशी सांडोरला जाऊन तिच्यापुढे बसेन आणि म्हणेन, नाही आई, तुमच्या मुलीनं माझं वाईट केलं नाही. तिला ऐंशी उलटून गेलीत. उशीर होईल अशी भीती वाटते. पण टीचरांचं मी दुसरं काही फेडू शकत नाही, एवढं फेडीन.