कंपाउंडरांचं माप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या श्रीवर्धनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांच्या माशाच्या बरणीत समुद्राचं पाणी मी ओतलं.

ते सगळंच डोस सांगितल्यासारखं बोलत. मुंबईहून आणलेल्या निळ्या लढाऊ माशाला ते ‘पेशंट’ म्हणत आणि काच साफ ठेवणाऱ्या दोन गोगलगायींना ‘वॉर्डबॉय’. मासळीवाली हसायची, “कालवनाला तरी पुरंल का ह्यो, दादा?” ते शांतपणे म्हणत, “हा बघायचा. दिवसातून दोनदा.”

एकदा पालीला जाताना त्यांनी बरणी माझ्या पडवीत आणून ठेवली. “घाबरलाय तो, मास्तर. पंख मिटून बसेल. चिमूटभर मीठ घातलंय, बदामाचं पान सोडलंय. तुम्ही काही करू नका.” पण मी किनाऱ्यावर वाढलेला. मासा मलूल दिसला तेव्हा त्याला समुद्रच हवा असणार, असं मी धरून चाललो आणि तांब्याभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गोगलगायी मेल्या. मासा तळाशी आडवा पडला.

कंपाउंडर परतले. त्यांनी बोट बुडवून पाणी चाखलं आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिले. “मीठ जास्त पडलं माझ्याकडून,” ते म्हणाले.

गोड्या पाण्यात ठेवून आठवड्याभरात त्यांनी मासा वाचवला. पण तेव्हापासून प्रत्येक पुडी ते दोनदा तोलतात, आणि मी समोर असलो तर विचारतात, “बघा हो, बरोबर आहे ना?”

त्यांचं माप कधीच चुकलं नव्हतं. एवढं त्यांना सांगायचं देणं मी अजून लागतो.