सांडगी मिरची आणि माझी मान

बायकोच्या मिरचीबद्दल मी आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोललो, आणि तेही तोंड न उघडता. नुसती मान हलवली.

मुळात मी बोलणारा माणूस नाही. तीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. तिथे कागद बोलतो, माणसाला बोलायचं काम पडत नाही. घरी बोलण्याचं खातं बायकोकडे आहे आणि ती ते माझ्या वाटचंही चालवते. त्यामुळे ही गोष्ट इतके महिने माझ्या पोटात राहू शकली.

मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने आईच्या सांडगी मिरचीचं दुकान मोबाइलवर मांडून दिलं. फोटो काढले, पाकिटं आणली, त्यावर ‘शुद्ध आणि घरगुती’ छापून घेतलं. मिरची बायको नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या, म्हणजे इमारतीच्या, गच्चीवर करते. जाड, फिक्या हिरव्या मिरच्या उभ्या चिरायच्या, धने-मेथीचा मसाला आंबट दह्यात कालवून आत भरायचा आणि मे महिन्याच्या उन्हाच्या हवाली करायचं. मग वर्षभर लागेल तशी तेलात तळायची आणि गोळाभातावर, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेल्या भातावर, नाहीतर कढीसोबत चुरायची. तळायची असते हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. पोळी भाजून खावी असं तरी कोण सांगतं? म्हणून पाकिटावर तसं काही लिहायचं आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो.

दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक म्हणजे मुलीच्या चार मैत्रिणी आणि अमरावतीची एक मामेबहीण. मामेबहिणीला आजवर फुकट मिळत होती, त्यामुळे तीही जरा रुसलेली. शेवटी मुलगी फोनवर म्हणाली, “आई, एखाद्या रीलवाल्याला पैसे देऊन बघू. सगळे देतात.”

बायकोने फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे मीही ऐकावं. “माझ्या मिरचीले भोंगा काहून लागते? खालच्या मजल्यावरच्या गाऊनवालीनं दिले ना पैसे? ती रीलवाली गाऊन घालून नाचली अन् गाऊन दोन विकले. त्यातला एक वापस आला. ज्याले चव समजते तो आपोआप येईल.”

‘आपोआप’ या शब्दावर तिचा फार भरवसा. ती रोज सकाळी मोबाइल उघडायची, नवीन ऑर्डर नाही हे पाहायची आणि “येईल” म्हणून बंद करायची. पंधरा दिवस हे पाहिलं. सोळाव्या दिवशी तिने “येईल” म्हटलं नाही, नुसताच मोबाइल बंद केला. ते मला पाहवलं नाही.

आमच्या कार्यालयातल्या एका जणाचा भाचा एका रीलवाल्याला ओळखत होता. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, दाढी कोरलेली, शहरभर खात फिरायचा आणि लोक त्याला खाताना पाहायचे. स्कूटरची नवीन सीट घ्यायला पैसे बाजूला ठेवले होते, ते खिशात घातले. दाढ दुखते म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धरमपेठेत एका झाडाखाली त्याला भेटलो. खिशात पैसे, पिशवीत मिरची आणि मनात धाकधूक. या वयात माणूस अशा रीतीने दुसऱ्याच कोणाला तरी भेटायला जातो म्हणे.

“काका, टेन्शन नका घेऊ,” पोरगा म्हणाला. “मी असं दाखवतो, का मले कुठूनतरी पाकीट भेटलं अन् मी पागल झालो.”

“पैसे दिले हे कोणाले…”

“माझ्या मायलेही सांगत नाही मी, कोण किती देते ते.”

त्याने मोबाइल झाडाच्या खाचेत टेकवला, पाकीट फोडलं, एक मिरची वर धरली आणि मला विचारलं, “अशीच खायची ना?”

नेमके त्याच क्षणी समोरच्या औषधाच्या दुकानापाशी आमचे मोठे बाबू गाडी लावत होते. ज्यांच्या टेबलावर माझा दाढदुखीचा अर्ज होता, तेच. मला फक्त एवढंच कळत होतं, की हे सगळं लवकर संपलं पाहिजे आणि मला झाडाच्या मागे जायचं आहे.

मी मान हलवली. खालीवर.

पोराने अख्खी मिरची तोंडात घातली. दोनदा चावली. मग त्याचे डोळे असे झाले, की मला माझी दाढ खरंच दुखायला लागल्यासारखं वाटलं. “बाप्पा! बाप्पा रे बाप्पा!” करत तो रस्ता ओलांडून उसाच्या रसवाल्याकडे पळाला, आणि झाडाच्या खाचेतला मोबाइल ते सगळं इमानदारीने टिपत राहिला. रस पिऊन परत आला तेव्हा तो खुश होता. “काका, एक नंबर झालं! असं रडणं आणावं म्हटलं तर येत नाही.”

रील चालली. किती चालली ते मुलीने आकड्यात सांगितलं. मला एवढंच समजलं, की कार्यालयातला शिपाईसुद्धा “बाप्पा रे बाप्पा” म्हणून फाइल टेबलावर ठेवायला लागला. घरी बायकोने ती पाच वेळा पाहिली. पहिल्या वेळी तिचा हात तोंडावर गेला. “आला! पाहा, आला ना आपोआप? एक पैसा न देता!” दुसऱ्यांदा पाहताना तिच्या लक्षात आलं. “अहो, पण हा कच्ची खाऊन राहिला!”

“हो का?” मी म्हणालो.

ऑर्डरी आल्या. मुंबईहून, पुण्याहून, पार बंगळूरहून. बायको पाकिटं भरताना गाणं गुणगुणायची. आठ दिवस आमच्या घरात सण होता. नवव्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. एकाने लिहिलं, चपलेच्या पट्ट्यासारखी लागते. एका बाईने लिहिलं, वातड आहे आणि बिया दातात अडकतात. मुंबईच्या एकाने मित्रांना पैज लावून पाकीट संपवायला लावलं आणि आता दोघांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, तर याची जबाबदारी कोणाची, अशी त्याची विचारणा होती. झाडून सगळ्यांनी कच्ची खाल्ली होती. का नाही खाणार? रीलमध्ये तशीच खाल्ली होती, आणि पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बायको हार मानणारी नाही. तिने प्रत्येकाला फोन लावला. “दादा, तुमच्या घरी कणीक भिजवली का तशीच खाता? नाही ना? मग तेल तापवा. धूर नाही निघू द्यायचा. मिरची टाका, काळपट झाली का काढा. कढी आहे? नाही? मग मागवली काहून मिरची?” काहींनी फोन ठेवला. काहींनी कढीची कृती विचारली. नवीन ऑर्डरी मात्र थांबल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्पच राहिलो असतो. पण बायकोचं आता मत बनलं होतं. पुढची भिशी आमच्याकडे होती. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो तेव्हा ती स्कीममधल्या बारा बायकांना सांगत होती, “पैसे देऊन काही होत नाही वं. माझ्याकडे पाहा. खायची अक्कल नव्हती त्याले, पण आला आपोआप. माल खरा पाहिजे.” खालच्या मजल्यावरची गाऊनवाली डोळे मोठे करून ऐकत होती. ती दुसऱ्या एका रीलवालीशी बोलणी करत होती. तिने दुसऱ्याच दिवशी ती मोडली आणि रस्त्यावरून दिसतील असे सगळे गाऊन रोज गॅलरीत लटकवायला सुरुवात केली. कोणीतरी आपोआप येईल म्हणून. मी कार्यालयात जाता-येता त्या गाऊनांखालून स्कूटर काढायचो. सीट फाटलेलीच होती, त्यावर टॉवेलाची घडी. गाऊन वाऱ्याने हलायचे आणि मला वाटायचं, सगळे माझ्याकडे पाहून मान हलवत आहेत.

मग एक दिवस बायको म्हणाली, “मी त्या पोराले जेवायले बोलावलं. रविवारी.”

“कोणाले?”

“रीलवाल्याले. मोबाइलवरून सांगितलं, ये म्हटलं बाबू, तुले खरी मिरची खाऊ घालते. तो हो म्हणाला.”

रविवारी दार मीच उघडलं. पोरगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग गरजेपेक्षा जोरात म्हणाला, “नमस्कार काका! आपण पहिल्यांदाच भेटून राहिलो!” व्यवहाराला पक्का होता, यात शंका नाही.

बायकोने मिरच्या तळल्या तसा घरभर ठसका उठला. तिघंही खोकत पानावर बसलो. गरम गोळाभात, वर तेलाची धार, बाजूला कढी आणि वर चुरलेली मिरची. पोराने पहिला घास घेतला आणि लगेच दुसरी मिरची चुरली. तीन मिरच्या झाल्यावर म्हणाला, “काकू, ही तर वस्तूच अलग आहे.”

“अलग नाही, तीच आहे. तुले कोणी सांगितलं होतं रे कच्ची खायले?”

मी कढीच्या वाटीत पाहत होतो.

“कोणीच नाही काकू,” तो म्हणाला. “माझीच गलती. मी येडा.”

मग बायको सुरू झाली. नागपुरात राहून सांडगी मिरची माहीत नाही? खायचा धंदा करतोस आणि खायचं कसं ते विचारत नाहीस? तुझ्या मायनं काही शिकवलं का नाही? पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मधून एकदा माझ्याकडे पाहिलं, तेही काही न मागता. माझ्या वाटच्या शिव्या तो खात होता, आणि त्याचे पैसे मी आधीच दिलेले होते. पण त्याच्या आईचे दिले नव्हते. ती बिचारी कुठेतरी आपल्या घरी बसली असेल, आणि इथे तिचा उद्धार चालला होता.

“मी सांगितलं,” मी म्हणालो.

“काय?”

“तिथं मी होतो. यानं विचारलं, अशीच खायची ना. मी मान हलवली.”

“तुम्ही काहून होते तिथं?”

“पैसे द्यायले.”

“काका!” पोरगा कळवळला. “सांगायचं नव्हतं ना!”

“सीटचे?” बायकोने विचारलं. मी मान हलवली आणि लगेच चूक कळून “हो” म्हणालो.

“म्हणून चार महिने टॉवेलवर बसून राहिले,” ती म्हणाली. मग कोणाकडेही न पाहता, “म्हणजे तो आपोआप नाही आला.”

तीस वर्षांत ती माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली. पोरगा कुजबुजला, “काका, मी निघू का?” मी म्हणालो, बस. मला एकट्याला भीती वाटत होती.

ती परत आली तेव्हा हातात बशी होती. बशीत एक सांडगी मिरची. न तळलेली. तिने ती माझ्यासमोर ठेवली. “घ्या.”

“अवं…”

“त्या पोरानं खाल्ली. मुंबईच्या लोकायनं खाल्ली. तुम्हीच राहिले. देठासकट.”

पोराचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला. त्याचा दोष नाही, सवयच ती. “काकू, लाइट मस्त आहे,” तो भीत भीत म्हणाला.

बायकोने विचार केला. “किती घेशील?”

“फुकट काकू. मायची शप्पथ.”

“काढ मग.”

त्या रीलमध्ये माझं जे झालं ते मी स्वतः अजून पाहिलेलं नाही. आवाज मात्र ऐकला आहे, कारण शेजारी तो वाजवतात. त्यात माझे हुंदके आहेत, आणि त्यावर बायकोचा खणखणीत आवाज: “हे माझे मिस्टर. यायले मी तीस वर्षं तळून देऊन राहिली, अन् यायनं जगाले कच्ची खाऊ घातली. कच्ची खाल्ली का माणसाचं असं होते. आता तळलेली पाहा.” शेवटी तिने पहिल्या रीलला मी पैसे दिल्याचंही सांगून टाकलं. पुढच्या भिशीत चहाचा ट्रे घेऊन मलाही उभं केलं आणि बारा जणींसमोर वदवून घेतलं. गाऊनवाली म्हणाली, “म्हणजे मी दोन महिने गॅलरीत गाऊन काहून लटकवले?” तिचा एक गाऊन मी बायकोसाठी विकत घेतला.

मुलगी परवा फोनवर विचारत होती, “बाबा, मग पैसे देण्याचा फायदा झाला का नाही?” मला ठरवता येत नाही. पहिल्या रीलने माणसं ढिगाने आली आणि तोंड भाजून गेली. ही दुसरी फार लोकांनी पाहिली नाही. पण ज्यांनी पाहिली, त्यांच्यातले काही दुसऱ्यांदा मागवतात, आणि ऑर्डरीखाली लिहितात, काका बरे आहेत का? शिवाय पहिली नसती, तर पोरगा जेवायला कशाला आला असता?

आता मे लागला आहे, गच्चीवर नवीन मिरची आहे. प्रत्येक पाकिटावर ‘आधी तळा’ लिहिलेलं असतं, आणि ते मी लिहितो. मुलगी छापून देते म्हणाली. बायको म्हणाली, छापायचं काम नाही, यायच्या हातानं लिहू दे. पहिल्या दिवशी कार्यालयाच्या सवयीने मी ‘कृपया तळून खावे’ लिहिलं होतं. तिने ते पाकीट माघारी दिलं. “कृपया कशाले? हुकूम द्या.”

काल मसाला कालवताना तिने बोटावर थोडा घेऊन माझ्यापुढे धरला. “मीठ बरोबर आहे?”

मी चाखलं आणि मान हलवली.

“तोंडानं सांगा.”

“जास्त झालं,” मी म्हणालो.

तिने स्वतः चाखलं, आणि आत जाऊन दह्याचं भांडं घेऊन आली.