वाऱ्याला घातलेला बांध

खोलीत नवी हवा यायची तर आधी जुनी बाहेर गेली पाहिजे, हे मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. मी ते अनुभवलंय मात्र, डोळ्यांत पाणी आणून, आणि तेही सासुरवाडीत.

निजामाचा अंमल होता. पाटोद्याकडच्या एका गावात माझे सासरे पाटील होते. त्यांच्या दारासमोर भरणारा आठवडी बाजार शेजारच्या गावाने मागितला होता. निकाल द्यायला खुद्द तहसीलदारसाहेब ऐन वैशाखात जेवायला येणार होते. बाजार गेला असता तर पाटलांना चारचौघांत तोंड दाखवायची सोय उरली नसती. मी नवा जावई. जावयाला काम कसं सांगणार, म्हणून मला साहेबांच्या सोबतीला बसवलं.

बैठकीच्या खोलीला समोर एक खिडकी, मागे स्वयंपाकघराचं दार आणि वर माळवदात उजेडासाठी ठेवलेलं भोक, ज्याला आम्ही सवणं म्हणतो. सासऱ्यांनी खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आणि त्यावर पाणी शिंपडायला माणूस बसवला. पलीकडे बायका, म्हणून मागचं दार लावून घेतलं. सवण्यात पोतं कोंबलं.

"मामा, ते कावून बुजवलं?"

"जावईबापू, बांध न्हाई घातला तर पाणी थांबतं का? गार हवा आत आली की वरून पळून जाईल."

आमच्या कोरड्या मुलखात या बोलण्याला उत्तर नाही. मलाही पटलं.

साहेब आले, लोडाला टेकले. छताला टांगलेला झालरीचा पंखा बाहेरून दोरीने ओढायला सुरुवात झाली. पंखा हलत होता, झालर डुलत होती, आणि तीच कोमट हवा एकदा साहेबांच्या तोंडावर येई, एकदा माझ्या. पडदा ओलाचिंब, पण त्यातून झुळूक म्हणून येईना. साहेबांच्या हुक्क्याचा धूर आमच्या मधोमध तिसऱ्या पाहुण्यासारखा बसून राहिला.

"पाटील," साहेब घाम पुसत म्हणाले, "अंदर की हवा बाहर निकलेगी, तब ना बाहर की अंदर आएगी?"

सासरे गोंधळले. नव्या पाहुण्यासाठी आधीच्याला उठवायचं, ही रीत त्यांच्या घरात नव्हती. तरी त्यांनी गड्याला माळवदावर चढवलं. गड्याने पोतं काढलं आणि विहिरीतलं पाणी काढावं तशी तो सुपाने आतली हवा उपसायला लागला. साहेबांच्या रुमी टोपीवर थोडी माती पडली. पण हुक्क्याचा धूर हलला आणि सरळ वर निघाला. सासऱ्यांचा हात मिशीकडे गेला.

आता गेलेल्या हवेच्या जागी दुसरी येणार, हे ओघानं आलंच. फक्त तिला भिजलेल्या पडद्यापेक्षा मागच्या दाराखालची फट सोपी वाटली. त्या दारापलीकडे सासूबाई ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजत होत्या.

पहिला ठसका साहेबांना लागला, दुसरा मला. तिसरा कुणाचा हे कळायला डोळे उघडे नव्हते.

"थांब बे, थांब," सासरे खालून सांगत होते. वर गड्याला फक्त खोकला ऐकू येत होता. खोकताहेत म्हणजे हवा अजून कोंडलेली आहे, असं समजून त्याने सुपाला आणखी जोर लावला.

साहेब उठले ते थेट गोठ्यात गेले. गोठा दोन्ही बाजूंनी मोकळा. बैलांशेजारी बाजेवर आडवे झाले, आणि वाऱ्याने त्यांची दाढी हलायला लागली.

"इथं पंखा न्हाई, वाळा न्हाई," सासरे माझ्या कानात म्हणाले, "मंग वारा लई कसा काय हाय?"

"इथून त्याला जाता येतंय, मामा."

"जातोय, तर इथंच कसा लागतोय?"

मी साहेबांचं पान गोठ्यातच मांडायला सांगून आलो.

साहेब गोठ्यातच जेवले, तिथंच झोपले, आणि उठून निकाल दिला. बाजार याच गावात राहील, पण पाटलांच्या दारासमोर घराघरांच्या बेचक्यात न भरता गोठ्यामागच्या उघड्या माळावर भरेल.

सासरे पेढे वाटायला निघाले, उंबऱ्यातून मागे फिरले, पुन्हा निघाले. वेशीत लोक वाट बघत उभे होते.

"पाटील, बाजार ऱ्हायला का गेला?"

"ऱ्हायला," सासरे म्हणाले. मग पेढ्यांच्या टोपलीकडे बघून म्हणाले, "आन् गेला बी. अर्धा अर्धाच घ्या."